ताजमध्ये एकच रात्र राहायचं असेल तर

आई-अण्णांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही भावंडांनी वर्गणी काढून त्यांना मुंबईच्या ताजमध्ये एक रात्र ठेवलं. सोबत म्हणून मी गेले. तेव्हापासून सांगलीत, आमच्या विश्रामबागेत, लोक मला गाठून विचारतात. मी नोकरी करते त्या बँकेत काउंटरच्या पलीकडूनही विचारतात. किती लागले, आत सोडतात का, चप्पल चालते का, शाकाहारी मिळतं का. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट हिशोबाची. खोली दुपारी २ वाजता मिळते आणि दुसऱ्या दिवशी १२ ला सोडावी लागते. झाले २२ तास. त्यातले आठ झोपेत गेले, उरले १४. आपण जे हजारो रुपये भरतो ते या १४ तासांचे. मऊ पलंग, एसी आणि गरम पाणी सांगली-मिरज रस्त्यावरच्या कुठल्याही बऱ्या हॉटेलात मिळतं. इथे पैसे १९०३ साली उघडलेल्या एका इमारतीत बसण्या-वावरण्याचे आहेत. म्हणून आपली जी सवय असते, मुंबईला चाललोच आहोत तर सिद्धिविनायक, महालक्ष्मी, राणीची बाग आणि बोरिवलीची आत्या एका दमात उरकायची, ती एवढ्या वेळापुरती बाजूला ठेवा. हे सगळं दोनच्या आधी नाहीतर दुसऱ्या दिवशी बाराच्या नंतर. मधल्या वेळात बाहेर पाऊल टाकायचं ते फार तर समोर गेटवेपर्यंत.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी तिथे राहूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी संध्याकाळी ताजच्याच सी लाउंज नावाच्या चहाच्या दालनात चहा घ्यावा, इमारत डोळे भरून बघावी आणि झोपायला नात्यातल्या कुणाकडे जावं. यात कमीपणा काही नाही, आणि वाचलेल्या पैशात घराला रंग होतो.

खोली जुन्या इमारतीतली की टॉवरमधली

फोटोत आपल्याला जे ताज दिसतं, लाल घुमटाचं, ती जुनी इमारत म्हणजे पॅलेस. तिला लागून जो उंच मनोरा आहे तो १९७० च्या दशकातला टॉवर. बुकिंग करताना दोन्हींच्या खोल्या एकाच हॉटेलच्या नावाखाली दिसतात आणि स्वस्त म्हणून ज्या आधी दिसतात त्या बहुधा टॉवरमधल्या असतात. टॉवरच्या खोल्या वाईट नाहीत. वरच्या मजल्यावरून बंदर मस्त दिसतं. पण १९०३ च्या इमारतीसाठी घरातनं निघायचं आणि पन्नासेक वर्षांच्या इमारतीत झोपायचं, हे काही मला पटत नाही.

पैसे मोजकेच असतील तर माझा सल्ला असा: जुन्या इमारतीतली शहराच्या किंवा पोहण्याच्या तलावाच्या बाजूची खोली घ्या, टॉवरमधली समुद्राची नको. समुद्र काय, खाली सी लाउंजच्या खिडकीतूनही दिसतो आणि फुकट बघायचा तर समोरच्या कठड्यावरूनही दिसतो. पण रात्री साडेदहाला पायात सपाता घालून पॅलेसच्या रुंद बोळातून जिन्यापर्यंत फिरत जायचं आणि कठड्यावर हात ठेवून वर-खाली बघत राहायचं, ते त्या इमारतीत खोली असल्याशिवाय होत नाही. बजेट सैल असेल तर प्रश्नच नाही, जुनी इमारत आणि गेटवेच्या बाजूची खिडकी, डोळे झाकून घ्या.

बुकिंगच्या पानावर खोलीचं नाव नीट वाचा. पॅलेस की टॉवर हे तिथे लिहिलेलं असतं. तिसऱ्या माणसाला जादा पलंग मिळतो, त्याचे पैसे वेगळे. तो आधी सांगितलेला बरा, रात्री मागायला गेलं की धावपळ होते.

तारीख आणि पैसा

दर रोज बदलतो. डिसेंबर-जानेवारीत लग्नं, परदेशी पाहुणे, एकतीस डिसेंबर, सगळं एकदम येतं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. पावसाळ्यात दर पुष्कळ उतरतो. आणि पावसाळी समुद्र त्या खिडकीतून बघण्यासारखा असतो. फक्त गेटवेवरून सुटणाऱ्या मांडव्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे जाता जाता अलिबाग करू असा बेत असेल तर तो सोडा. आमच्या सांगलीकरांना आणखी एक पथ्य: जुलै-ऑगस्ट टाळा. त्या दिवसांत आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी ४० फुटांकडे सरकली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं चित्त कृष्णेकाठी, मग त्यांना ताजमध्ये नेऊन बसवा नाहीतर राजवाड्यात. गावभागातली मंडळी तर खालच्या मजल्यावरचं सामान वर चढवल्याशिवाय हलत नाहीत, आणि २०१९ चा महापूर बघितल्यावर त्यांना कोण बोलणार! जून किंवा सप्टेंबर बरा.

वाढदिवसाची नेमकी तारीख धरून बसू नका. दोन-तीन दिवस पुढे-मागे करून दर बघा, फरक हजारांत पडतो. लग्न पन्नास वर्षं टिकलं, वाढदिवस मंगळवारऐवजी गुरुवारी केला तर काही बिघडत नाही.

आता कर. दिवसाला साडेसात हजारांच्या वर भाडं असलं की खोलीवर १८ टक्के जीएसटी. इथली कुठलीही खोली त्याच्या वरचीच. समजा भाडं ३०,००० रुपये दिसलं, तर कर ५,४०० आणि भरायचे ३५,४००. आम्ही शोधत होतो तेव्हा एका बुकिंगच्या साइटवर मोठ्या अक्षरातला आकडा बघून माझ्या भावाने खुशीत फोन केला होता. शेवटच्या पानावर गेल्यावर कर आणि आणखी कसलंसं शुल्क मिळून रक्कम अशी फुगली की त्याने फोन माझ्याकडेच दिला. तेव्हा तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या आकड्यांची. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा दर, नाश्त्यासह आणि नाश्त्याविना, दोन्ही बघा. रद्द करता येणारं बुकिंग थोडं महाग असतं, पण सोबत सत्तरी ओलांडलेली माणसं असतील तर तेच करा. ऐनवेळी बीपी वाढतं, पाय मुरगळतो, भावकीत कुणी जातं.

आणि आता जे मला बँकेतली म्हणून सांगायलाच हवं. चेक-इनच्या वेळी हॉटेल तुमच्या कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं. खाणं-पिणं, कपडे धुणं असा वरखर्च गृहीत धरून ही अनामत असते. क्रेडिट कार्ड दिलं तर तेवढी मर्यादा काही काळ कमी दिसते, नंतर सुटते. डेबिट कार्ड दिलं तर तुमच्या खात्यातले खरेखुरे पैसे अडकतात आणि ते सुटून यायला कधी कधी आठवडा जातो. पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड तर चुकूनही देऊ नका. महिन्याच्या सुरुवातीला विम्याचा हप्ता परत जातो आणि मग आमच्या काउंटरवर येऊन लोक आम्हालाच बोलतात. मुलाचं किंवा मुलीचं क्रेडिट कार्ड द्या. ज्याच्या नावाचं कार्ड तो माणूस समोर लागतो. तो येणार नसेल तर आधी फोन करून काय कागद लागतील ते विचारून घ्या.

आठवडाभर आधी एक फोन

हा फोन केलाच पाहिजे. ईमेल केलीत तर आणखी चांगलं, लेखी राहतं. काय काय सांगायचं ते सांगते.

न्हाणीघरात टब आहे की नुसता शॉवर, ते विचारा. जुन्या खोल्यांत टब असतात आणि टबात उतरण्यासाठी पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागतो. आईचे गुडघे म्हणजे जिना बघितला की कुरकुरतात. आम्ही सरळ सांगितलं, पायरी न चढता आंघोळ करता येईल अशी खोली द्या आणि आत एक स्टूल ठेवा. स्टूल होतं. चाकाची खुर्चीही मागता येते. लाज वाटून घेऊ नका.

जेवणाचं सांगा. जैन असाल तर कांदा-लसूण आणि कंदमुळांचं सांगा. सांगलीत आम्हाला याची इतकी सवय आहे की सगळीकडे कळतंच असं वाटतं. संकष्टी किंवा एकादशी येत असेल तर तेही सांगून ठेवा. आणि निमित्त काय आहे ते जरूर सांगा. वाढदिवस म्हटल्यावर अशी हॉटेलं आपण होऊन काहीतरी करतात, केक म्हणा, फुलं म्हणा. केक बिनअंड्याचा हवा असेल तर बोला, नाहीतर तो तसाच राहतो.

ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं, आधार, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. पॅनवर पत्ता नसतो, त्यामुळे ते इथे उपयोगाचं नाही. अण्णा खिशात कायम पॅनच ठेवतात. त्यांच्या पिढीच्या बऱ्याच जणांचं तसंच, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री तपासा.

जायचं कसं आणि दोनपर्यंत काय करायचं

सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री जेवून बसायचं, सकाळी मुंबई. कोयना एक्सप्रेसने गेलात तर पोचायला रात्र पडते आणि भरलेल्या २२ तासांतले पाच-सहा गाडीतच जातात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तो तिकीट काढतानाच निवडायचा.

सकाळी पोचलात आणि खोली दोनला, ही खरी अडचण. लवकर खोली मागता येते, रिकामी असली तर देतातही, पण त्यावर विसंबू नका. अण्णांना आंघोळ केल्याशिवाय चहासुद्धा नको. म्हणून सरळ दादरला उतरा. सांगलीच्या प्रत्येक घराचं कुणी ना कुणी दादर-परळ-लालबागला असतंच. तिथे आंघोळ, पोहे, गप्पा, जी काय नातीगोती सांभाळायची ती सगळी साडेअकरापर्यंत सांभाळून घ्या. मग टॅक्सी करून कुलाब्याला या.

नातेवाईक नसतील किंवा नको असतील तर सीएसएमटीपर्यंत जा, टॅक्सीने हॉटेलवर जाऊन बॅगा ठेवायला द्या. खोली मिळायच्या आधीही सामान सांभाळतात, त्याचे पैसे नाहीत. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते सव्वादहाला उघडतं आणि ताजपासून इतकं जवळ आहे की टॅक्सीवाला नाक मुरडतो. त्याची कोनशिला १९०५ साली तेव्हाच्या वेल्सच्या युवराजांनी बसवली. हेच पुढे पंचम जॉर्ज झाले आणि १९११ साली राजा म्हणून पुन्हा आले, तेव्हाची आठवण म्हणून समोरचा गेटवे. दोन्ही वास्तूंचा वास्तुरचनाकारही एकच, जॉर्ज विटेट. म्हणजे सकाळी संग्रहालय आणि संध्याकाळी खिडकीतून गेटवे, गोष्ट पुरी होते.

गेटवेशेजारच्या बागेत शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे, २६ जानेवारी १९६१ रोजी बसवलेला. आमच्या आईने आधी तिथे जाऊन नमस्कार केला, मग हॉटेलच्या दाराकडे वळली. वेळेत असाल तर हाच क्रम ठेवा.

दार ओलांडताना

२००८ नंतर तपासणी कडक आहे. बॅगा यंत्रातून जातात, माणसं चौकटीतून. आईच्या पर्समधला अडकित्ता तिथे पडद्यावर दिसला. काढून दाखवला, हसले, परत दिला. काय ते सरळ दाखवायचं आणि पुढे चालायचं.

कपड्यांचं लोक उगाच दडपण घेतात. स्वच्छ, इस्त्रीचे, बस्स. साडी, सदरा-पायजमा, साधी पँट-शर्ट, पायात कोल्हापुरी, सगळं चालतं. रबरी चपला, हाफ पँट नको. इस्त्री घरूनच करून न्या. तिथे कपडे धुण्या-इस्त्रीचा दर नगाला असतो आणि तो आकडा अण्णांसारख्यांना दाखवण्यासारखा नसतो.

बॅग घेऊन खोलीपर्यंत जो मुलगा येतो त्याला लगेच सोडू नका. दिवे कुठून बंद होतात, गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, एसी कमी कसा करायचा, फुकटचं पाणी कुठलं आणि पैशाचं कुठलं, हे सगळं विचारून घ्या. रात्री अकराला अंधारात बटणं चाचपत बसण्यापेक्षा हे बरं. मग त्याच्या हातात शंभराची नोट. सुट्या शंभराच्या नोटा घरूनच आणा.

खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं आणि त्यावरच्या टोपलीतलं खाणं विकतचं असतं. चहा-कॉफीची किटली आणि पुड्या मात्र आपल्याच. आम्ही भडंग नेले होते. दुपारी तीनला खिडकीत बसून किटलीतला चहा आणि भडंग खाल्ले, कुणी काही म्हणालं नाही. सांडलेले कुरमुरे आईने स्वतः टिपून घेतले, तो भाग वेगळा.

संध्याकाळी बेल वाजली तर दचकू नका. रात्रीसाठी पलंग नीट करायला, पडदे ओढायला माणूस येतो. नको असेल तर दारावरच्या पाटीने किंवा बटणाने सांगता येतं. साबण, शॅम्पू, कापडी सपाता घरी न्यायला हरकत नाही. अंगात घालायचा जाड पांढरा झगा न्यायचा नाही.

ते १४ तास

खोलीत थोडं टेकलात की इमारत बघायला बाहेर पडा. राहणाऱ्या पाहुण्यांना हॉटेलचा माणूस सगळीकडे फिरवून माहिती सांगतो. चेक-इनच्या वेळीच वेळ विचारून नाव द्या, कारण नंतर विसरायला होतं. इंग्रजीत असतं, पण मराठी माणूस आहे का विचारायला काय जातं?

ऐकण्याआधी थोडं ठाऊक असलेलं बरं. हॉटेल जमशेटजी टाटांनी बांधलं, १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. गेटवे पुरा झाला १९२४ मध्ये. म्हणजे हॉटेल उघडलं तेव्हा समोर फक्त समुद्र होता, आणि गेटवे हा ताजचा २१ वर्षांनी धाकटा शेजारी. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं व्हायच्या आत वैद्य वारले आणि शेवट डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने केला. मराठी माणसाचं नाव इथे आहे, हे आपल्याकडच्या फार थोड्यांना माहीत असतं. मला सांगणाऱ्याने ते घाईत उरकलं, म्हणून मी मुद्दाम परत विचारलं.

गेटवेवरचा फोटोवाला तुम्हाला हमखास एक गोष्ट सांगेल, की हॉटेल चुकून उलटं बांधलं आणि ते बघून वास्तुरचनाकाराने जीव दिला. ती भाकडकथा आहे. मूळ दर्शनी दार शहराच्या बाजूला ठेवलं होतं, बग्ग्या तिकडून यायच्या. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे ती ती बाजू. तलावाकाठी उभं राहून मागे वळून इमारतीकडे बघा, दोन पंख पुढे आलेले दिसतात, मग पटतं. दुसरी गोष्ट वॉटसन हॉटेलची. तिथे जमशेटजींना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज उभारलं म्हणतात. ऐकायला गोड आहे, पण तिला पक्का पुरावा नाही.

पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं इस्पितळ केलं होतं. हे ऐकल्यावर त्या रुंद बोळांकडे बघायची नजर बदलते, म्हणजे माझी तरी बदलली. घुमटाचं चित्र २०१७ साली ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं, भारतात एखाद्या इमारतीला असं पहिल्यांदाच मिळालं. अण्णांनी इथे विचारलं, मग फोटो काढला तर पैसे पडतात का? घरच्यासाठी काढलेल्या फोटोचा आणि त्याचा काही संबंध नाही. धंद्याच्या मालावर छापायचा नाही.

मधला जिना हे या इमारतीचं काळीज. खाली जमशेटजींचा अर्धपुतळा आहे, तिथून चढायला सुरुवात करायची. गुडघे दुखत असतील तर लिफ्टने वर जायचं आणि जिन्याने एकेक मजला उतरत यायचं, प्रत्येक वळणावर थांबून. कठड्याचं लोखंडी नक्षीकाम जवळून बघा. आई कठड्याला धरून उतरत होती आणि मधेच थांबून तिने बोटाने ती वेल गिरवली, रांगोळीची वही पाठ करावी तशी. अर्धा मजला उतरायला आम्हाला किती वेळ लागला कुणास ठाऊक. मागून येणारी एक परदेशी बाई बिचारी थांबून राहिली, पुढे जा म्हटलं तरी गेली नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात इथे ३१ जणांचा जीव गेला. त्यांच्या नावांचं स्मारक हॉटेलात आहे. तिथे सेल्फी काढू नका, एवढंच. जळालेली जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडली. हल्ल्याच्या त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ कसाबला जिवंत पकडून देताना गोळ्या झेललेले तुकाराम ओंबळे आपल्या शेजारच्या साताऱ्याचे, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. अण्णांनी स्मारकासमोर उभं राहून त्यांचंही नाव घेतलं.

मग सी लाउंज. पहिल्या मजल्यावर, बंदराकडे तोंड करून. खिडकीचं टेबल आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बाहेरच्या लोकांनाही मिळतं, त्यामुळे गर्दी असते. मुंबईतल्या बऱ्याच घरांत मुलगा-मुलगी बघण्याचे कार्यक्रम इथे होत आले आहेत, आणि शेजारच्या टेबलावर दोन्ही बाजूंची माणसं जरा जास्तच सरळ बसलेली दिसली तर ओळखायचं. चहाबरोबर सँडविच, केक आणि शेवपुरी-भेळही असते. आईने शेवपुरी खाल्ली आणि म्हणाली, चव चांगली आहे पण तिखट घालायला घाबरलेत. वेटरने ऐकलं, तो साताऱ्याकडचाच निघाला, आत जाऊन तिखट चटणीची वाटी घेऊन आला.

इथे एक युक्ती सांगते. अण्णांनी सगळी उमर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजीपण केलं. ते मेनूकार्ड उजवीकडून वाचतात. आधी आकडा, मग पदार्थ, आणि मग "मला काही नको, भूक नाही." तुमच्या घरीही असं माणूस असेल तर मेनूकार्ड त्यांच्या हातात पडू देऊ नका. वेटरला आधी गाठून सांगा, कार्ड एकच आण आणि माझ्याकडे दे. काय खायचं ते तोंडी विचारा.

चहा इतका भरपेट होतो की रात्रीचं मोठं जेवण लागत नाही. आम्ही रात्री खोलीत फक्त खिचडी मागवली. हॉटेलात आणखी नावाजलेली चिनी, जपानी जेवणघरं आहेत, आणि १९३३ पासूनचा हार्बर बार आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी जावं. पण एका रात्रीत सगळं चाखून बघायचं मनात आणलंत तर बिलाकडे बघून झोप उडेल.

अंधार पडल्यावर एकदा बाहेर या. गेटवेवर माणसांचा कलकलाट, चणेवाले, फुगेवाले, आणि पाठीमागे दिवे लागलेली ती इमारत. दहा-पंधरा मिनिटं पुरे. सकाळी मात्र सहाच्या आत उठा. त्या वेळी समोर माणूस नसतो, बोटी नुसत्या हलत उभ्या असतात. आणि नाश्ता सावकाश करा, दीड तास लावून करा. इडली, पोहे, डोसा सगळं असतं, पण घरी मिळतं ते इथे पोटात का भरायचं? डबा भरून घेऊ नका, एवढं सांगावं लागतं कारण मी लोकांना भरताना बघितलंय.

बिल आणि परतीचा दिवस

आदल्या रात्रीच रिसेप्शनला सांगा, आतापर्यंतचं बिल दाखवा. सकाळी अकरा-साडेअकराला सगळेच निघतात आणि तिथे उभं राहून बिल वाचायला अवघडल्यासारखं होतं. अण्णांनी खोलीतल्या टेबलावर दिवा ओढून, चष्मा पुसून, ओळ न् ओळ पेन्सिलने टिकमार्क केली. फ्रिजमधलं काही आपण घेतलं नसताना लागलंय का, नाश्ता भाड्यात धरला असून वेगळा लावलाय का, हे बघायचं. खाण्याच्या बिलावर सेवा शुल्क दिसलं तर ते द्यायलाच पाहिजे असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ सालीच तसे निर्देश काढले आहेत, नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. कुणाच्या फर्मच्या नावाने बिल हवं असेल तर जीएसटी क्रमांक चेक-इनलाच द्या, बिल फाडल्यावर बदलायला त्रास होतो.

बाराला खोली सोडली तरी बॅगा पुन्हा सांभाळायला ठेवता येतात. परतीची महालक्ष्मी रात्रीची असते, म्हणजे अख्खी दुपार हातात. आता जा कुठे जायचं तिकडे. घारापुरीची बोट समोरूनच सुटते, लेणी सोमवारी बंद असतात आणि वर चढायला पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघेवाल्यांनी नाद सोडावा. कुलाबा कॉजवेवर घासाघीस करायची ती सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून. बोरिवलीच्या आत्याला जायचं असेल तर मात्र बारालाच निघा, आणि तिला म्हणावं तूच दादरला ये.

घरी आल्यावर कार्डावर अडकलेली रक्कम सुटली का ते बघा. आठ-दहा दिवसांत सुटली नाही तर हॉटेलचं अंतिम बिल आणि खात्याचा उतारा घेऊन बँकेत जा. आमच्या शाखेत येणार असाल तर सोमवारी नको, त्या दिवशी सुपारी कातरायलाही फुरसत नसते.